सतरा वेळा मेलेला काशीराम

मेलेला माणूस मंगळवारी अकराच्या गाडीने मालवणात उतरला, स्टँडवर उभ्याउभ्या चहा प्यायला, आणि चामड्याची बॅग खांद्यावर टाकून सर्जेकोटच्या वाटेला लागला. वाटेत त्याला चार माणसं भेटली. त्यातल्या दोघांनी त्याला ओळखलं आणि दोघांनीही पुढे कोणाला सांगितलं नाही. भर दुपारी भेटलेलं सांगू नये, असा आमच्याकडे दंडक आहे.

तारींच्या घरापुढच्या खळ्यात गंगू सुंगटं, म्हणजे कोळंबी, वाळत घालत होती.

"कोण व्हया?" तिने वर न बघता विचारलं.

"वैनी, वायच पाणी मिळात?"

आवाज ऐकला आणि गंगूच्या हातातलं सूप गेलं. सात वर्षांपूर्वी याच दिराच्या तेराव्याचे वडे तिने तळले होते आणि त्यातले नऊ स्वतः खाल्ले होते. पहिलं तिला तेच आठवलं.

"मेल्या!" ती ओरडली. हा शब्द ती दिवसातून शंभर जणांना म्हणायची. जन्मात पहिल्यांदाच तो नेमक्या माणसाला लागला, आणि गंगूने जीभ चावली.

काशीराम खळ्याच्या कडेला तसाच उभा राहिला. आत येऊ नये हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तरी तो आला नाही.

ते त्रेसष्ट साल. भराडी देवीची जत्रा होऊन आठवडा झाला होता.

*

तारींनी जिवंत माणसाचं तेरावं घातलं, याला लोक आजही हसतात. हसोत. पण तारींच्या जागी दुसरं कोणी असतं तर ही चूक झालीच नसती, हे ध्यानात घ्यावं. ती करायला तीन पिढ्यांचे दशावतारी लागतात.

दशावतारात राक्षस मरतो म्हणजे काय होतं? राजा तलवार मारतो, राक्षस पडतो, झांज वाजते. मग राक्षस उठतो, धोतर सावरतो आणि सगळ्यांसमोर चालत आत जातो. पोरांनाही ठाऊक असतं की नाटकातला मेलेला उठतो. तारींच्या घरात तर परशुराम राजा आणि धाकटा काशीराम राक्षस. थोरल्याने धाकट्याला हजारदा मारलं होतं आणि हजारदा तो उठला होता.

अडतीस साली काशीराम बोटीवर खलाशी म्हणून गेला. मार्सेयहून एक पत्र आलं, मग लढाई आली, मग काहीच नाही. छप्पन्न साली मुंबईच्या गोदीतला चुलतभाऊ बाबली आपल्या साहेबाने दिलेल्या तिकिटावर एका रविवारी सकाळच्या खेळाला फ्रेंच चित्रपट बघायला गेला आणि तिथून थेट तारेच्या खिडकीपाशी गेला. परशुराम मुंबईला पोचला. दोघे काळोखात बसले. पडद्यावर एक काळासावळा नावाडी गोळी लागून धक्क्यावर पडला. आधी डावा गुडघा, मग खांदा, शेवटी डोकं, आणि तळहात आकाशाकडे उघडा. हे पडणं आज्याने घरात शिकवलेलं. जगात दुसरीकडे कुठेच नाही.

परशुराम तो उठायची वाट बघत राहिला. नावाड्याला पेटीत घातलं. काळ्या झग्यातल्या भटाने काहीतरी वाचलं. माती पडली. दिवे लागले.

"उठाक नाय," परशुराम म्हणाला.

"उठात," बाबली म्हणाला. "पुढच्या खेळाक उठात."

पुढच्या रविवारी दोघे पुन्हा गेले. पुन्हा माती पडली. तेव्हा परशुरामने डोक्यावरची टोपी काढली.

घरी येऊन त्याने दाजी भटांना बोलावलं. दर्भाचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, आणि धाकट्याला अग्नी दिला. गंगूने विहिरीच्या पाथरीवर जावेच्या, सत्यवतीच्या, बांगड्या फोडल्या. दहाव्याला पिंडाला कावळा काही शिवेना. माडाच्या झापावर एकच कावळा बसून होता, मान तिरकी करून, सकाळपासून ऊन कलेपर्यंत. परशुरामने सगळं कबूल करून बघितलं. तुझ्या वाट्याची होडी राखू, बायकोला अंतर देणार नाही. कावळा नुसता बघत राहिला. शेवटी दाजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी जेवायला गेले. खरा कावळा तिथेच बसला होता.

*

मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत काशीराम जाळी ठेवायच्या मांगरात झोपला. ज्याचे दिवस घातले त्याने उंबरा ओलांडायचा नाही. त्या तीन दिवसांत घरातली माणसं फिरली ती अशी.

गंगू आधी त्याच्या बाजूची. त्याने बॅगेतून वासाचा साबण काढून दिला होता. "भूतां साबू हाडतत काय?" ती नवऱ्याला म्हणाली. "तुमचोच भाव तो."

"माझ्या भावाक मी जाळलंय," परशुराम म्हणाला. हा जिवंत असेल तर पाप आपलं, आणि हे दुसरंच काही असेल तर आपण सुटलो, असा त्याचा साधा हिशोब होता.

बुधवारी संध्याकाळी होडी वर ओढताना मात्र त्याला डाव्या अंगाचा भार एकदम हलका वाटला. त्याने बघितलं. काशीराम येऊन खांदा लावून होता, पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्याच जागी, आणि त्याच जागी त्याचा पाय वाळूत घसरला. परशुरामने होडी जागेवर नेऊन टेकवली. रात्री जेवताना बायकोला म्हणाला, "होडयेक खांदो लावता तो माणूसच."

आणि गुरुवारी सकाळी गंगू उलटली. ती चहा घेऊन मांगरात गेली तर दीर उताणा पडलेला, डोळे उघडे, छाती हलत नाही. एक मुंगी त्याच्या डोळ्यावरून चालत गेली. कडेकडेने नव्हे, बुबुळावरून. पापणी लवली नाही. गंगूच्या हातून कपबशी फुटली, तेव्हा तो उठून बसला आणि ओशाळून म्हणाला, "सवय आसा, वैनी."

साबण तिने त्याच दिवशी समुद्रात टाकला.

सत्यवती तीन दिवस त्याच्यासमोर आली नाही. अठराव्या वर्षी तो सोडून गेला, छत्तिसाव्या वर्षी तिचं कुंकू पुसलं, आता त्रेचाळीस. माजघराच्या खिडकीतून मांगराचं दार दिसायचं. ती खिडकीपाशी तांदूळ निवडत बसायची. एकाच सुपातले तांदूळ तिने तीन दिवस निवडले.

*

शुक्रवारी दुपारी खळ्यात माणसं बसली. दाजी भट पोथी घेऊन पडवीच्या कडेला, बाबली तार मिळताच बोटीने आलेला, परशुराम खांबाला टेकून, गंगू दारात. काशीराम अंगणाच्या पार टोकाला, रांपणीच्या मासळीच्या उलट्या टोपलीवर. त्याच्यावर ऊन पडत होतं तरी त्याला घाम नव्हता.

"शास्त्रात सोय आहे," दाजी म्हणाले. "दिवस घातलेला माणूस परत आला तर त्याला पुन्हा जन्माला घालायचं. तुपाने स्नान, बारसं, आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न. तुमच्यात मुंज नाही, तेवढा त्रास वाचला."

"बारशाक ह्येच्या मापाची कुंची खंय गावतली?" गंगू म्हणाली. "आणि पाळणो कोण हलयतलो? माझी कंबार गेली."

"गंगू, गप."

"कित्या गप? आदी तो जितो आसा काय तां बघा. मगे बारसां घाला. माका इचारशात तर पानावर मीठ वाढा. भूत मीठ खाणा नाय."

हे दाजींनाही पटलं. आतून केळीचं पान आलं. भात, पेडवे मासळीचं तिखलं, कडेला चिमूटभर मीठ. पान आणून ठेवलं सत्यवतीने. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला होता. ठेवताना तिने बघितलं ते फक्त त्याच्या पायांकडे. पावलं पुढेच होती. मग ती दाराशी जाऊन उभी राहिली.

काशीरामने पानाला हात लावला नाही. "ही कोण?" असं त्याने विचारलं नाही, पण तिच्याकडे बघत राहिला.

शांतता बाबलीला कधीच सोसली नाही. "काशी, मरे, तू थंय करी होतंस काय?" त्याने विचारलं.

"मरी होतंय," काशीराम म्हणाला.

गंगूने चटकन चौकटीच्या लाकडाला हात लावला.

"मार्सेयाक बोटीवरसून पळालंय. थंय एका नाटकाच्या थेटरात झाडू मारी. एक दिवस जिन्यावरसून मरान पडणारो नट दारू पिऊन आदीच पडलो आणि पाय मोडून घेतल्यान. मालकीणबाई म्हणाली, आता कोण पडतलो? मी पडलंय. आपल्या घरचा पडणा. लोक उभे ऱ्हवान टाळये वाजवूक लागले." त्याचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "मगे पॅरिस. काझिमीर म्हणान नाव लावलंय. भितींवर कागद लागले माझ्या नावाचे. मोरोक्कोचो अरब, स्पेनचो दरोडेखोर, चीनचो राजा. रंग सावळो मां? जगातलो खंयचोय मारूचो माणूस असलो काय माका बोलवायचे. पिक्चर सतरा, सतराय मरणां. नाटकातली मोजूक नाय."

"एकात तरी जगलंस?" बाबलीने विचारलं.

"एकात शेवटापर्यंत जितो ठेवल्यानी. तो पिक्चर चार दिवस चाललो नाय."

परशुराम हसला. पंचवीस वर्षांत धाकट्याच्या बोलण्याला तो पहिल्यांदाच हसला, आणि हसता हसता त्याचा आवाज फाटला. "कागद घालूचो नाय, मेल्या? एक कागद?"

"घालतलो होतंय." काशीराम वाळूत बोटाने रेघा ओढत होता. "पण गरज लागाक नाय. आवस हाक मारी मां."

आवस म्हणजे आई, यमुनाबाई. यमुनाबाईची हाक घरातल्या सगळ्यांना ठाऊक होती. नाटक करून पोरं पहाटे परत आली की म्हातारी दिवा घेऊन उंबऱ्यात उभी राहायची आणि एकेकाला नावाने तीनदा हाक मारायची. तिसऱ्या हाकेला 'ओ' दिल्याशिवाय घरात पाऊल नाही, घोटभर पाणी नाही. मेलेल्याचं सोंग घेतलेला माणूस सोंगातून परत आला की नाही, ते त्या 'ओ'वरून कळतं, असं ती म्हणायची. काशीराम बोटीवर गेला तरी तिने ते सोडलं नाही. रोज पहाटे साडेचारला समुद्राकडे तोंड करून तीन हाका. शेजारी म्हणायचे, म्हातारी चळली.

"म्हातारी साडेचाराक हाक मारी," म्हणत बाबली बोटांवर हिशोब करू लागला. गोदीत त्याला जगाची घड्याळं पाठ झाली होती. "हय साडेचार, म्हणजे थंय..."

"मध्यानरात," काशीराम म्हणाला. "नाटक सुटूचो येळ. मी रंगाच्या खोलयेत आरशासमोर बसलेलो आसय, आणि मागसून हाक येय. तीन. मी ओ देय आणि तोंड धुवय. बाकीचे हसत. एक्कावन सालच्या चैतात हाक येवूची बंद झाली."

एक्कावन सालच्या चैत्रातच यमुनाबाई गेली होती. हे त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

"मगे?" परशुरामने हळू विचारलं.

"मगे माझा मराण लय बरा जावूक लागला. पेपरात लिवल्यानी, ह्यो माणूस मरणाचा नाटक करीतच नाय. खरा लिवल्यानी. उठाक मिनिट लागी, मगे पाच मिनटां, मगे डॉक्टर बोलवीत. आता घरी न्हिजलंय तरी उठाक येळ लागता."

"थंय हाक मारूक कोण नाय होती?" हा आवाज दारातून आला. सत्यवतीचा. सगळ्यांनी माना वळवल्या.

काशीरामने खोटं सांगितलं नाही. "होती एक. तिना मारली हाक. काझिमीर म्हणान. ओ दिल्यान तो भितीवरच्या कागदार होतो त्याना. मी नाय."

सत्यवतीने पदराचं टोक दातात धरलं.

आता इथे बाबलीने तोंड मिटलं असतं तर सगळं निराळं झालं असतं. पण तो म्हणाला, "एकदा दाखव रे. ता पडणा. धक्क्यावरचा."

"नको," दाजी म्हणाले. "वेळ बरी नव्हे."

पण काशीराम उभा राहिला होता. नटाला पड म्हणावं आणि त्याने बसून राहावं, हे कुठल्या देशात झालं आहे? त्याने छातीवर हात नेला. कुठेतरी गोळी सुटल्यासारखा त्याचा देह दचकला. बाबली शपथेवर सांगायचा की त्याने आवाज ऐकला. डावा गुडघा, खांदा, डोकं. तळहात आकाशाकडे उघडा.

बाबलीने टाळी वाजवली. एकच.

काशीराम उठला नाही.

*

पहिल्यांदा माशा आल्या. पेडव्याचं पान सोडून त्या त्याच्या ओठांवर बसल्या. बाबली जाऊन हलवून आला. "थंड आसा," म्हणाला आणि स्वतःचा हात धोतराला पुसत राहिला. गंगूने आतून आरसा आणून नाकाशी धरला. आरशात आभाळ दिसत होतं, स्वच्छ.

"भावजी! काशीराम भावजी!" सगळं वैर विसरून गंगू किंचाळली. "उठा मरे! मस्करी पुरे!"

काही नाही.

परशुराम खाली बसला होता. त्याने तोंड उघडलं, पण दाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू नको. तू रंग लावणारा. रंग लावणाऱ्याच्या हाकेला रंगच ओ देतो, असं तुझी आईच म्हणायची."

तेवढ्यात माडावरून कावळा उतरला.

तो पानापासून दोन हात लांब बसला. मान तिरकी केली. भाताकडे बघितलं, पडलेल्या माणसाकडे बघितलं, आणि थांबला. परशुरामने त्याला ओळखलं. कावळा कसा ओळखला म्हणून विचारू नये. दहाव्याला सहा तास ज्याच्या डोळ्यांत डोळे घालून बसलं, त्याला माणूस ओळखतो.

"काय व्हया तुका?" परशुराम त्या पक्ष्यापुढे हात जोडून रडू लागला. "होडी देतंय. घर देतंय. माझो जीव घे!"

कावळा बसून होता.

दाराच्या चौकटीला धरून सत्यवती हे बघत होती. त्या कावळ्याला काय हवं होतं ते तिला एकटीला सात वर्षं ठाऊक होतं. बारा वर्षं म्हटलं तरी चालेल. मरायच्या आदल्या दिवशी यमुनाबाईने तिचं मनगट धरलं होतं. "आता तू मार हाक," म्हातारी म्हणाली होती. "गंगूचा काम न्हय ता. तू त्येची बायल." सत्यवतीने मान हलवली होती, पण हाक मारली नव्हती. नवऱ्याचं नाव तोंडाने कसं घ्यायचं? घेतलं की त्याचं आयुष्य उतरतं. उखाण्यातसुद्धा तिने ते एकदाच, आवळ्याएवढा घोट गिळून घेतलं होतं. म्हणून रोज पहाटे साडेचारला ती उठायची, उंबऱ्यात यायची, समुद्राकडे बघायची, आणि ओठ मिटून परत जायची. मग मुंबईहून बातमी आली, तेव्हा घरात सगळे रडले आणि ही एकटी गप्प होती. तिला वाटलं, आपणच मारलं.

आणि आता पुन्हा तेच. नाव घेतलं तर आयुष्य उतरणार. नाही घेतलं तर उतरायला काही उरणारच नाही.

ती खळ्यात उतरली. गंगू म्हणाली, "सत्यवती, अगो, पदर..." डोक्यावरचा पदर मागे पडला होता. तिने तो सावरला नाही.

"काशीराम," ती म्हणाली. आवाज घशातच राहिला. कावळ्याने मान दुसऱ्या बाजूला वळवली.

"काशीराम!" हा खळ्याबाहेर गेला. शेजारच्या खळ्यातून कोणीतरी "कोण गो?" म्हणून विचारलं. आकाशाकडे उघडलेल्या तळहातावरचं एक बोट हललं. कावळा दोन उड्या मारून पानाच्या कडेला आला.

दाजींनी डोळे मिटून घेतले. गंगूने परशुरामचा दंड इतका घट्ट धरला की तिच्या नखांचे वण पुढे महिनाभर राहिले.

सत्यवतीने श्वास घेतला. पंचवीस वर्षं गिळलेलं सगळं तिने त्या श्वासात घेतलं असावं, कारण ती हाक सर्जेकोटच्या धक्क्यावर होड्यांना तेल लावणाऱ्यांनी ऐकली, आणि खाडीपलीकडे तळाशील गावात एका म्हातारीने आपल्याला बोलावलं म्हणून दार उघडलं.

"काशीराम!"

कावळ्याने भातात चोच घातली, शीत उचललं आणि तो उडाला. त्याच क्षणी वाळूतून आवाज आला.

"ओ."

चोवीस वर्षांच्या मुलाचा आवाज होता तो. पन्नाशीच्या माणसाच्या तोंडून आला.

"गेलो रे गेलो! कावळो शिवलो!" गंगू ऊर बडवू लागली. "खंय गेलो? उठलो तो! आंधळी आसस?" परशुराम तिच्यावर ओरडत होता. दाजींनी पोथी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. कावळा शिवला आणि मेलेला उठला, दोन्ही एकाच वेळी, याला पोथीत पान नव्हतं.

काशीराम बसला. त्याच्या कपाळावर घाम आला होता, तीन दिवसांत पहिल्यांदा. त्याने सत्यवतीकडे बघितलं. "आवस खंय आसा?" त्याने विचारलं.

"मगे सांगतंय," ती म्हणाली. "आदी जेव. निवता ता. त्या कोपऱ्यातलो भात ठेव, कावळ्यान चोच घातल्यान आसा."

तो जेवू लागला. मीठ त्याने सगळं खाल्लं, आणि आणखी मागितलं.

*

बारसं झालं, बिनकुंचीचं. लग्नही झालं. सत्यवतीला पुन्हा कुंकू लागलं, पण उखाणा घ्यायचं तिने साफ नाकारलं. नाव आता फुकट घेते तर कोडं कशाला घालू, म्हणाली. पुढे एकोणीस वर्षं ती त्याला दिवसाकाठी वीसदा नावाने हाक मारायची, विहिरीवरून, धक्क्यावरून, देवळाच्या पायरीवरून. आयुष्य उतरायचं तेवढं उतरलं असेल. उरलेलं त्या दोघांना पुरलं.

मग ब्याऐंशी साली एका दुपारी पेडव्याचं तिखलं खाता खाता काशीराम खरोखर मेला, घास तोंडात असताना, एका कुशीवर वेडावाकडा कलंडून. डावा गुडघा नाही, खांदा नाही, काही नाही. इतकं वाईट मरण त्याने उभ्या जन्मात केलं नव्हतं, असं बाबली म्हणाला. सत्यवतीने तीन हाका मारल्या, दहा मिनिटं थांबली, आणि स्वतःच कुंकू पुसलं.

दहाव्याला पिंड ठेवला. सकाळ गेली, दुपार गेली. घाटावर, माडावर, पार खाडीपर्यंत एकही कावळा नव्हता. दाजींच्या मुलाने दर्भ हातात घेतला, तेव्हा म्हाताऱ्या परशुरामने त्याचा हात धरला.

"ऱ्हवांदे," तो म्हणाला. "तो कवाच शिवान गेलो."